दुसऱ्या बाजूला काय भरू?

१९८३ साल, लंडन. बिली ब्रॅग नावाचा पंचविशीतला एक गायक. बँड नाही, साथीला कुणी नाही. एक इलेक्ट्रिक गिटार आणि रांगडा आवाज एवढंच भांडवल. पहिली रेकॉर्ड नुकतीच निघालेली, पण ती वाजवणार कोण? अशात त्याने रेडिओवर ऐकलं, की बीबीसीचा निवेदक जॉन पील याला भूक लागली आहे आणि या घडीला कुणी मश्रूम बिर्याणी आणून दिली तर तो काय वाट्टेल ते द्यायला तयार आहे. ब्रॅगने हॉटेलातून बिर्याणी बांधून घेतली, दुसऱ्या हातात आपली रेकॉर्ड घेतली आणि थेट बीबीसीचं दार गाठलं. पीलने बिर्याणी स्वीकारली आणि रेकॉर्डही लावली. मात्र लावली ती चुकीच्या वेगावर. बारा इंची तबकडी पाहून त्याने ती ३३च्या वेगाने फिरवली. ती होती ४५ची. पुढे बिली ब्रॅगचं नाव झालं, ही गोष्ट हजार वेळा सांगितली गेली आणि पील दर वेळी आवर्जून सांगत राहिला, की बिर्याणी आली नसती तरी ती रेकॉर्ड मी लावलीच असती.

पीलचं हे म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. एखाद्याला 'हे ऐकून बघ' असं सांगणाऱ्याची सगळी पत त्याच्या कानावर उभी असते. कुणी जेवू घातलं, कुणी ओळख काढली, कुणी पैसे पुढे केले, तरी ज्याचा कान हलत नाही त्याचंच लोक दुसऱ्यांदा ऐकतात. शिवाय हा माणूस समोर असतो. त्याने सांगितलेला अल्बम आवडला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याला गाठून जाब विचारता येतो, वाद घालता येतो. 'अरे, काय दिलंस मला हे?' असं विचारायला कुणीतरी असणं, यातच शिफारशीचा जीव आहे, असं माझं मत आहे आणि हा लेख त्या मतापोटीच लिहितो आहे.

आवडता बँड तुम्हाला सापडला कसा, असं मी मुंबई, पुणे आणि मडगावातल्या पाश्चात्त्य संगीताच्या जुन्या श्रोत्यांना विचारत होतो. जवळपास प्रत्येकाला आधी माणूस आठवला आणि मग बँड. कुणाचा थोरला भाऊ, कुणाचा होस्टेलमधला खोलीवाला, कुणाच्या शेजारचे पारशी काका. गोव्यात तर बोटीवर नोकरी करणारा तारवटी हमखास. वर्षभराने घरी येताना त्याच्या पेटीत परफ्यूम आणि चॉकलेटांबरोबर चार एलपी असत आणि त्या कुठल्या, यावर अख्ख्या वाड्याची आवड ठरत असे. परदेशी रेकॉर्डी तेव्हा सहज मिळत नव्हत्या. इथल्या कंपन्या थोडेफार अल्बम छापत, तेही आधीच गाजलेले. बाकीच्यांची नुसती नावं कळत. कलकत्त्याहून १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षं निघालेलं 'ज्युनिअर स्टेट्समन', सगळे ज्याला 'जेएस' म्हणत, त्यातली बँडची चित्रं कापून लोक भिंतीवर लावत. त्यातल्या कित्येक बँडचं एकही गाणं चित्र लावणाऱ्याने ऐकलेलं नसे.

मुंबईत रेकॉर्ड ऐकून घ्यायची मोठी जागा म्हणजे काळा घोड्याचं 'ऱ्हिदम हाऊस'. चाळिसाच्या दशकात सुरू झालेलं हे दुकान २०१६ साली बंद झालं. तिथे काचेच्या छोट्या खोल्या होत्या, आत उभं राहून रेकॉर्ड विकत घेण्याआधी ऐकता यायची. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते त्याहून लहान, बिननावाच्या दुकानांबद्दल, जिथे कॅसेट भरून मिळायची.

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शहरात असं एखादं दुकान होतं. काउंटरमागे फळ्यांवर एलपी, एक टर्नटेबल, एक-दोन डेक आणि काउंटरवर एक जाड रजिस्टर. रजिस्टरात दुकानात असलेल्या रेकॉर्डींची यादी, बॉलपेनने लिहिलेली. आपण कोरी कॅसेट न्यायची किंवा तिथलीच घ्यायची. पैसे असतील तर टीडीके, नसतील तर मेलट्रॅक. यादीतलं नाव सांगायचं आणि दोन-तीन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायला जायचं. कायद्यात हा धंदा बसत नव्हता आणि कलाकाराला यातली दमडीही मिळत नव्हती, हे खरंच आहे. पण मराठी मुलखात रॉक संगीत पोचलं ते बहुतांशी याच काउंटरवरून.

या धंद्याची एक मोजणी होती. एलपी साधारण ४० ते ४५ मिनिटांची. सी-६० कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तासच मावतो, म्हणजे अल्बम मधेच तुटणार. सी-९०च्या एका बाजूला पाऊण तास, म्हणजे पुरा अल्बम आरामात. त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक सी-९०च नेत असे. पण मग दुसरी बाजू कोरी राहते. गिऱ्हाइकाने एकच नाव ऐकलेलं असतं आणि त्यासाठी तो आलेला असतो. तेव्हा दुकानदार चष्मा वर करून विचारायचा, "दुसऱ्या बाजूला काय भरू?" याचं उत्तर बहुतेकांकडे नसे. "तुम्हीच भरा काहीतरी चांगलं," असं सांगून मोकळं व्हायचं.

माझ्याकडची अशी एक कॅसेट अजून वाजते. एका बाजूला पिंक फ्लॉइडचा १९७३चा 'डार्क साइड ऑफ द मून'. त्याच्यासाठीच मी गेलो होतो. ते नाव तेव्हा कॉलेजात ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. दुसऱ्या बाजूला कॅमल नावाच्या इंग्रजी बँडचा १९७५चा 'स्नो गूज'. कार्डावर दुकानदाराच्या हातची तिरकी अक्षरं आहेत, गाण्यांची नावं जागा पुरेल तेवढीच. शेवटच्या नावापुढे एक बाण आणि 'सलग' असा मराठी शब्द. हा बँड मला ठाऊक नव्हता. कॅसेट हातात देताना तो म्हणाला होता, "आधी ही बाजू लाव. मधे पुढे पळवू नकोस."

'स्नो गूज'मध्ये शब्द नाहीत. कुठे कुठे आवाज आहेत ते नुसते आलाप. पॉल गॅलिकोच्या छोट्या कादंबरीवरून बँडने हा अल्बम रचला: इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या दलदलीत एकटा राहणारा चित्रकार, जखमी पांढरा हंस घेऊन त्याच्याकडे आलेली मुलगी, आणि १९४०चं डंकर्क. गॅलिकोची या प्रकाराला हरकत होती म्हणून नावाआधी 'या कथेवरून सुचलेलं संगीत' अशा अर्थाची पुस्ती जोडावी लागली. अँड्र्यू लॅटिमरची गिटार त्यात जवळजवळ माणसासारखी बोलते आणि मागे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे वादक आहेत. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दुकानदाराने मात्र माझं बोलणं ऐकून एवढं ओळखलं होतं, की मुलगा मराठी शाळेतला आहे, इंग्रजी गाण्याचे उच्चार त्याला धड कळणार नाहीत आणि शब्द न कळल्याने तो बिचकेल. म्हणून त्याने शब्दच नसलेला अल्बम निवडला. 'पिंक फ्लॉइड आवडणाऱ्यांना हेही आवडतं' असा तो हिशेब नव्हता. समोर कोण उभं आहे हे बघून केलेली ती निवड होती.

आणखी एक गोष्ट त्या धंद्यातच होती. एलपीवरून कॅसेट भरायला पाऊण तासाच्या अल्बमला पाऊण तासच लागतो. म्हणजे दुकानदार दिवसभर, वर्षानुवर्षं, सगळंच ऐकत असे. स्वतःला आवडणारं आणि न आवडणारंही. एखादा अल्बम त्याने पन्नास वेळा भरला तर पन्नास वेळा ऐकला. त्याचा कान तयार झाला तो असा.

*

जॉन पीलचा कानही असाच, सगळं ऐकून तयार झालेला. त्याचं खरं नाव जॉन रॅव्हन्सक्रॉफ्ट. जन्म १९३९चा, लिव्हरपूलजवळच्या हेझवॉलचा. वडील कापसाचे व्यापारी. तरुणपणी अमेरिकेत गेला, टेक्सास, ओक्लाहोमा, कॅलिफोर्निया असं करत तिथल्या रेडिओंवर काम केलं. परतल्यावर काही महिने समुद्रातल्या जहाजावरून चालणाऱ्या बेकायदा 'रेडिओ लंडन'वर काढले. ३० सप्टेंबर १९६७ रोजी बीबीसीचं 'रेडिओ वन' सुरू झालं, तेव्हापासून तो तिथे होता. पहिल्या फळीतले बाकीचे निवेदक एकेक करून गेले. पील २००४ साली पेरूमधल्या कुस्को शहरात सुट्टीवर असताना हृदयविकाराने वारला तोपर्यंत तिथेच होता. ३७ वर्षं.

त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: रात्री उशिरा माइकसमोर बसायचं आणि लोकांनी न ऐकलेलं त्यांना ऐकवायचं. आपण स्वतः कधी ऐकलं नाही असं काही कानावर पडावं, ही त्याची भूक शेवटपर्यंत टिकली. रोज पोत्याने येणाऱ्या रेकॉर्डी आणि होतकरू पोरांनी घरी भरून पाठवलेल्या कॅसेटी तो ऐकायचा. मे १९७३मध्ये माइक ओल्डफील्ड या अनोळखी पोराचा 'ट्युब्युलर बेल्स' हा अख्खा अल्बम त्याने आपल्या कार्यक्रमात लावला. एका बाजूला एकच लांबलचक रचना, गाणं म्हणावं असं काही नाही. व्हर्जिन या नव्या कंपनीची ती पहिली रेकॉर्ड. तिचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे.

सप्टेंबर १९७८मध्ये त्याच्या हाती 'टीनेज किक्स' आलं. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या 'द अंडरटोन्स' या पोरांचं अडीच मिनिटांचं गाणं. डेरी आणि बेलफास्ट तेव्हा बॉम्ब आणि लष्करी नाक्यांनी पोळलेली शहरं होती, आणि बेलफास्टमधल्या 'गुड व्हायब्रेशन्स' नावाच्या रेकॉर्डच्या दुकानाने स्वतःच ही तबकडी काढली होती. पीलने ती लावली, संपताच सुई उचलून परत लावली. एकच गाणं लागोपाठ दोनदा, राष्ट्रीय रेडिओवर. लवकरच सायर या अमेरिकी कंपनीने बँडशी करार केला. पुढची पंचवीस वर्षं पील ते आपलं सर्वांत आवडतं गाणं म्हणून सांगत राहिला; त्याच्या थडग्यावरही त्यातलीच ओळ कोरली आहे.

त्याच्या कार्यक्रमातली 'पील सेशन्स' ही नियमाच्या अडचणीतून निघालेली वाट. वादकांची संघटना आणि रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसाला ठरावीक तासच रेकॉर्डी वाजवता येत. उरलेला वेळ प्रत्यक्ष वादनाने भरायचा. म्हणून बँडला मेडा व्हेलच्या स्टुडिओत बोलवायचं आणि एका दिवसात साधारण चार गाणी ध्वनिमुद्रित करायची. घासूनपुसून घ्यायला वेळ नाही, त्यामुळे बँड आहे तसा ऐकू येतो. अशी चार हजारांहून जास्त सेशन्स झाली, दोन हजारांहून जास्त कलाकारांची. ज्यांच्याकडे कंपनीचा करार नव्हता, अशा कित्येकांचं पहिलं नीट ध्वनिमुद्रण तेच. मँचेस्टरच्या 'द फॉल'ला १९७८ ते २००४ या काळात त्याने २४ वेळा बोलावलं. मार्क ई. स्मिथ सोडला तर त्या बँडमधले लोक सतत बदलत आणि संगीत कानाला मुद्दाम टोचणारं. ऐकणाऱ्यांनी नावं ठेवली तरी पील त्यांना परत परत घेऊन येत राहिला. मला तर वाटतं, शिफारस करणाऱ्याचा खरा कस इथेच लागतो. लोकांना पहिल्या फटक्यात आवडेल असं पुढे करणं सोपं आहे. हट्टाने चोविसाव्यांदा सांगायचं, तर स्वतःला किती आवडलं आहे ते आधी ठाऊक लागतं.

आणि आवड एकाच जातीची नव्हती. झिंबाब्वेचे 'भुंडू बॉईज', जमैकन वळणाचे 'मिस्टी इन रूट्स', एका सेकंदात गाणं संपवणारे 'नेपाम डेथ', सगळे एकाच रात्री, एकापाठोपाठ. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवरही त्याचा कार्यक्रम असे. शॉर्टवेव्हची सुई केसभर सरकवत बीबीसी पकडणारी मंडळी आपल्याकडेही होती, त्यांच्या कानावर हे कडबोळं खरखरीसकट पडायचं. त्याच्या घरी २६ हजारांच्या आसपास एलपी होत्या आणि प्रत्येक एलपीसाठी टंकलिखित कार्ड. क्रमांक, कलाकार, गाण्यांची नावं. कुठली रेकॉर्ड कुठे आहे हे हात घालताच सापडलं पाहिजे, कारण उद्या कुणाला तरी ती ऐकवायची आहे.

*

एखादा अल्बम मात्र रेडिओनेही टाकून दिलेला असतो आणि तरी हातोहात फिरतो. डेट्रॉइटच्या सिक्स्टो रॉड्रिग्जचा 'कोल्ड फॅक्ट' १९७० साली निघाला आणि अमेरिकेत कुणी त्याला विचारलं नाही. दुसरा अल्बमही पडला. रॉड्रिग्ज इमारती पाडण्याच्या, दुरुस्तीच्या कामावर मजुरी करू लागला. इकडे दक्षिण आफ्रिकेत त्या तबकड्या पोचल्या, कुणाच्या तरी सामानातून असं म्हणतात, आणि वर्णद्वेषी राजवटीला विटलेल्या गोऱ्या तरुणांनी त्या एकमेकांना भरून दिल्या. सरकारी रेडिओवर त्यातल्या गाण्यांना बंदी, गायकाबद्दल कुणाला काडीची माहिती नाही, तो मेला असल्याच्या अफवा. तरी घरोघरी तो अल्बम. केपटाउनच्या एका रेकॉर्ड दुकानदाराने आणि त्याच्या मित्रांनी शोध घेतला तेव्हा माणूस डेट्रॉइटमध्ये जिवंत सापडला, आणि १९९८ साली दक्षिण आफ्रिकेत जाऊन भरलेल्या सभागृहांत गायला. या शोधावरच्या 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या माहितीपटाला २०१३मध्ये ऑस्कर मिळालं. २०२३ साली रॉड्रिग्ज गेला. जाहिरात नाही, यादीत क्रमांक नाही. नुसत्या 'हे ऐक' एवढ्यावर हा अल्बम पंचवीस वर्षं जगला.

लोकप्रियतेच्या यादीवर माझा विश्वास बसत नाही त्याला आणखी एक कारण आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघा संशोधकांनी केलेला एक प्रयोग २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी घेतली आणि इंटरनेटवर १४,३४१ जणांना ती ऐकायला, हवी तर उतरवून घ्यायला दिली. काहींना फक्त बँड आणि गाण्याची नावं दिसत. बाकीच्यांचे आठ वेगळे गट, आणि प्रत्येकाला आपल्याच गटात कुठलं गाणं किती जणांनी घेतलं ते दिसे. आठही गट शून्यापासून सुरू झाले आणि आठ ठिकाणी आठ वेगळ्या याद्या तयार झाल्या. '५२ मेट्रो' या बँडचं 'लॉकडाउन' हे गाणं एका गटात पहिलं आलं, दुसऱ्या गटात चाळिसावं. गाणं तेच, ऐकणारे त्याच जातकुळीचे. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत. पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या काही लोकांच्या हातात होतं. 'सगळे ऐकतायत' या सांगण्यात गाण्याबद्दल फार थोडं असतं.

यंत्राने शिफारस करायची कल्पना याच्याही आधीची. १९९४ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये उपेंद्र शार्दानंद आणि पॅटी मेस यांनी 'रिंगो' नावाची सोय उभी केली. ई-मेलने तिला कलाकारांची नावं आणि १ ते ७ असे गुण कळवायचे. तुमच्यासारखेच गुण देणारे दुसरे लोक ती शोधून काढायची आणि त्यांना आवडलेलं, पण तुम्ही न ऐकलेलं, तुम्हाला सुचवायची. तोंडोतोंडी होणारी शिफारस यंत्राकडून करून घ्यायची, हाच तिच्या कर्त्यांचा उघड उद्देश होता. आज फोनवर आपल्याला जे सुचवलं जातं त्याच्या मुळाशी तीच युक्ती आहे. स्पॉटिफायने २०१५च्या जुलैत सुरू केलेली दर सोमवारची ३० गाण्यांची यादी बनते तीही कोट्यवधी लोकांनी आपापल्या याद्यांत कुठलं गाणं कुठल्या गाण्याशेजारी ठेवलं, ते पाहून. म्हणजे 'दुसऱ्या बाजूला काय भरू' या प्रश्नाची असंख्य माणसांनी दिलेली उत्तरंच तिथे एकत्र केलेली असतात.

मी ती यादी ऐकतो आणि तिने मला चांगली गाणी दिली आहेत. विदर्भातल्या एखाद्या गावातल्या मुलीला आज फॉल, फ्लॉइड आणि फरीद अयाजची कव्वाली एका बोटावर मिळतात, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या काळच्या टंचाईचे गोडवे मला गायचे नाहीत; पैशाअभावी किती जणांचं ऐकायचं राहून गेलं ते मी पाहिलं आहे. पण यंत्र सुचवतं ते गाणं, अल्बम नव्हे. आणि ते अजमावतं आपण किती लवकर पुढे गेलो त्यावरून. पहिली ३० सेकंदं ऐकली तरच गाणं ऐकल्याची नोंद होते. 'स्नो गूज' सुरू होतो तो दलदलीतल्या पाखरांच्या आवाजांनी. पहिल्या ३० सेकंदांत त्यात पुढे पळवू नये असं काहीच घडत नाही. "मधे पुढे पळवू नकोस," असं सांगणारा कुणी नसेल तर तो अल्बम तिथेच संपतो.

*

आपल्याकडे शिफारस करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, आणि त्यातलं एक नाव मराठी वाचकाला वेगळ्याच कारणाने ठाऊक असतं. जी. एन. जोशी. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गाऊन त्यांनी तिसाच्या दशकात महाराष्ट्राला भावगीताचं वेड लावलं. वकिलीचं शिक्षण घेतलेले हे गायक पुढे एचएमव्ही कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि तिथे त्यांनी उभा जन्म काढला. 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात ते सगळं आलं आहे. कुणाचं गाणं-वाजवणं तबकडीवर यावं, हे ठरवणारा माणूस हाच खरं तर पहिला शिफारस करणारा. ऐकणाऱ्यापर्यंत पोचण्याआधी त्याला कंपनीला पटवावं लागतं.

१९६७ साली त्यांच्या देखरेखीखाली 'कॉल ऑफ द व्हॅली' तयार झाला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा, तिघेही तिशीच्या आतबाहेरचे. संतूर हे रागसंगीताचं वाद्यच नव्हे, असं म्हणणारे जाणकार तेव्हा पुष्कळ होते. काब्रांची गिटार तर परदेशी, मांडीवर आडवी धरून वाजवलेली. बासरी तेवढी ओळखीची. तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांतून मांडायचा: पहाटेचा अहिर भैरव, मग पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस, शेवटी पहाडी. आज 'अल्बमला एक सूत्र हवं' असं म्हणतात, ते सूत्र इथे रागांच्या वेळांनीच दिलेलं होतं. ज्यांनी भारतीय संगीत कधी ऐकलं नव्हतं अशा हजारो परदेशी लोकांच्या हाती त्यांच्या कुणा मित्राने पहिल्यांदा हीच तबकडी ठेवली. मराठी घरांतही ती लग्नाच्या आहेरात दिली जायची. रागदारीला बिचकणाऱ्याला काय द्यावं, हे देणाऱ्याला कळत होतं.

मुंबईत १९९०पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था आहे. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाची पत्रिका काढली आणि श्रवणाचे कार्यक्रम केले. सतरंजीवर आणि खुर्च्यांवर बसलेले लोक, पुढे टेबलावर चावीचा ग्रामोफोन. संग्राहक ७८ची तबकडी पाकिटातून काढतो, कडेला धरून दिव्याखाली तिरपी करतो, चरे बघतो, कापडाने पुसतो. मग ती कुठल्या बाजारात, कुणाकडून, किती खटपटीने मिळाली ते सांगतो. तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांत संपते, सांगणं दहा मिनिटं चालतं, आणि मला त्यातलं काहीही कमी करावंसं वाटत नाही. कुणी तरी उठून म्हणतं, "हिची दुसरी बाजू याहून चांगली आहे, ती लावा." ती लावली जाते. मग त्यावर वाद होतो.

तर आता वाचकांसाठी काही नावं. कॅमलचं वर आलंच आहे. भुंडू बॉईजचा 'शाबिनी' (१९८६) घरात कुणी आजारातून उठलं असेल तेव्हा लावा. इतकी स्वच्छ, नाचरी गिटार मी दुसरीकडे ऐकलेली नाही. निक ड्रेकचा 'पिंक मून' (१९७२) जेमतेम २८ मिनिटांचा, दोन रात्रींत ध्वनिमुद्रित केलेला, एक आवाज आणि एक गिटार. पियानो फक्त एका गाण्यात, तोही काही क्षण. गायक दोन वर्षांनी सव्विसाव्या वर्षी गेला तेव्हा त्याला ओळखणारे फार थोडे होते, आणि १९९९मध्ये मोटारीच्या एका जाहिरातीत 'पिंक मून' हे गाणं वाजलं तेव्हा लोक अल्बम शोधत दुकानांत गेले. हा एकट्याने ऐका, हेडफोन लावून, दुसरं काही काम हातात न घेता. फॉलची सुरुवात १९८५च्या 'धिस नेशन्स सेव्हिंग ग्रेस'पासून करा. पहिल्यांदा कान बंद करावेसे वाटतील. दोन दिवस जाऊ द्या, परत लावा.

आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६०च्या सुमारास निघालेली एलपी. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. अनेक थोरामोठ्यांनी ती आपापल्या शिष्यांना ऐकायला सांगितली आहे, मीही सांगतो. आता ती फोनवर सलग वाजते, मारवा संपला की लगेच दरबारी सुरू. तसं करू नका. मारवा दिवेलागणीला लावा, संपला की बंद करा. स्वयंपाक करा, जेवा, घरच्यांशी बोला, झाकपाक होऊ द्या. दरबारी मध्यरात्रीच्या सुमाराला. मधले पाच तास थांबायचं आहे. नाहीच जमलं, किंवा जमूनही ऐकवलं नाही, तर मला या अंकाच्या पत्त्यावर लिहा. मी उत्तर देईन.